लेकीला राजनय आणि आंतरराष्ट्रीय सुरक्षेत एम.ए. करायचं आहे. करू द्यावं का? (इंदूर)

सुदामानगरची_आई
नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यावर असते. हा विषय चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

लेक बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरात नवरा सीए, दीर सीए, नणंदेचे यजमान सीए. त्यामुळे तिचंही ठरलेलंच होतं, निदान आम्ही तसं धरून चाललो होतो. दिवाळीला फराळाच्या ताटावर तिने सांगून टाकलं की सीएची आर्टिकलशिप (उमेदवारी) करायची नाही, 'डिप्लोमसी अँड इंटरनॅशनल सिक्युरिटी'मध्ये एम.ए. करायचं आहे. ह्यांच्या हातातली चकली हातातच राहिली. मग म्हणाले, "म्हणजे शिकून करणार काय, पाकिस्तानशी बोलणी?" तेव्हापासून दोघांत जेवढ्यास तेवढं बोलणं आहे आणि निरोप माझ्यामार्फत जातात.

तिला इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाचं ऑफर लेटर आलं आहे. एका वर्षाचा कोर्स. डिपॉझिट ३१ जानेवारीपर्यंत भरायचं. भंवरकुआँला एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. तिथला मुलगा म्हणाला, "आंटी, डिग्री झाली की सीधा एम्बसीत प्लेसमेंट." फी आणि राहणं धरून त्याने चाळीस लाखांच्या पुढचा आकडा काढला. आम्ही खाऊनपिऊन सुखी आहोत, पण चाळीस लाख काही माळ्यावर ठेवलेले नाहीत.

हे शिक्षण नेमकं काय असतं, त्यातून पोट भरतं का, आणि इतके पैसे घालावेत का, ते अनुभवी लोकांनी सांगावं.

काळा_कावळा
एम्बसीत प्लेसमेंट म्हणजे व्हिसाच्या रांगेत का?

भिया_इंदोरी
अरे भिया, निरोप आईमार्फत जातात म्हणजे राजनय घरातच चालू आहे. काकूंना थेट मानद पदवी द्या.

तिरकी_रेघ
ताई, मी हेच केलं आहे, दिल्लीत. माहेर लोकमान्य नगर, आता बंगळुरूला असते. जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी त्या कन्सल्टन्सीवाल्याचं. कुठलीही एम.ए. करून भारतीय दूतावासात अधिकारी होता येत नाही. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससीची नागरी सेवा परीक्षा, आणि तिला कुठल्याही शाखेची पदवी चालते, तिची बी.कॉम.सुद्धा. परराष्ट्र खात्यात सहायक कक्ष अधिकारी व्हायचं तर स्टाफ सिलेक्शनची पदवीधर परीक्षा आहे, तिलाही हे एम.ए. लागत नाही. परदेशी वकिलाती इथे स्थानिक माणसं घेतात, पण ती जाहिरात देऊन, अर्ज मागवून. 'प्लेसमेंट' हा शब्द त्या मुलाने इंजिनिअरिंगच्या फोल्डरमधून उचललेला दिसतो.

आता शिकवतात काय? पहिल्या सेमिस्टरला सिद्धांत. उदाहरणार्थ 'सिक्युरिटी डिलेमा'. एकाने स्वतःच्या बचावासाठी शस्त्र घेतलं की शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते, मग तोही घेतो, आणि शेवटी दोघंही आधीपेक्षा जास्त घाबरलेले. आमच्या गल्लीत एकाने समोरच्या फाटकाकडे तोंड करून सीसीटीव्ही लावला, त्यानंतर वर्षभरात काय झालं ते आठवा, सिद्धांत समजला. मग आंतरराष्ट्रीय कायदा, अण्वस्त्रप्रसारबंदी, संयुक्त राष्ट्रं, समुद्री सुरक्षा, सायबर, दहशतवाद, पाणीवाटप. सिंधू पाणी करार १९६० चा. माझ्या वेळी तो 'दोन युद्धांत टिकलेला करार' म्हणून शिकवायचे. एप्रिल २०२५ मध्ये भारताने तो स्थगित ठेवला, म्हणजे त्या तासाच्या नोट्स आता पहिल्यापासून लिहायला हव्यात. विषय असा पायाखालून सरकत असतो.

पण मला खरं शिक्षण मिळालं ते दोन पानी टिपणातून. विषय द्यायचे, रात्रभराची मुदत, आणि दोन पानांत मांडायचं: काय घडलंय, आपल्यापुढे कुठले तीन मार्ग आहेत, प्रत्येकाची किंमत काय, तुमची शिफारस कोणती. तिसऱ्या पानावर गेलात तर सर वाचायचेच नाहीत. माझं पहिलं टिपण त्यांनी परत दिलं तेव्हा वरच्या परिच्छेदावर एकच तिरकी रेघ होती. टोपणनाव तिथूनच आलं.

पलासियाचा_पक्या
तिरकी_रेघ यांनीच सांगितलं की परराष्ट्र सेवेला हे एम.ए. लागत नाही. मग विषय संपला की! दोन वर्षं यूपीएससीच्या तयारीला द्या. दरवर्षी परराष्ट्र सेवेच्या जागा तीस-चाळीस, फार तर पन्नास-पंचावन्न. खुल्या वर्गाला वयाची अट ३२, प्रयत्न सहा. एम.ए.त दोन वर्षं घालवणं म्हणजे गाडी सुटायच्या वेळी प्लॅटफॉर्मवर चहा पीत बसणं.

तिरकी_रेघ
@पक्या, दोन गोष्टी. राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा वैकल्पिक विषय घेतला तर २५० गुणांचा अख्खा दुसरा पेपर बराचसा हाच अभ्यास आहे. म्हणजे वेळ वाया जात नाही. दुसरं, तीस-चाळीस जागांवर ज्यांचं नाव लागत नाही त्या बाकीच्यांनी पुढे काय करायचं? माझं नाव दोनदा मुख्य परीक्षेत अडकलं. हातात एम.ए. होतं म्हणून आज नोकरी आहे. नुसत्या तयारीची वर्षं बायोडाटावर मोकळी दिसतात.

पलासियाचा_पक्या
दुसरा मुद्दा मान्य. पहिला अर्धा मान्य.

महूवाला
निवृत्त फौजी आहे, त्यामुळे थोडक्यात. लोकांना वाटतं 'सुरक्षा' म्हणजे रणगाडे. आमच्या महूला आर्मी वॉर कॉलेज आहे, १९७१ मध्ये 'कॉलेज ऑफ कॉम्बॅट' म्हणून सुरू झालं. तिथे वर्दीतले लोक शिकतात, नागरी विद्यार्थ्यांना प्रवेश नाही. मुलीने तिकडची आशा ठेवू नये. पण नागरी बाजूला चांगले विभाग आहेत. पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग जुना आहे आणि मराठी घरातल्या मुलीला पुणं परकं नाही. चेन्नई, अलाहाबादलाही विभाग आहेत. गांधीनगरजवळ राष्ट्रीय रक्षा विद्यापीठ आहे.

नकाशा वाचता येणं फार महत्त्वाचं. आजकालची मुलं मलाक्का सामुद्रधुनी दाखवा म्हटलं की फोन काढतात.

मावशी_बोलते
एक भाबडा प्रश्न. वकिलात म्हणजे त्या त्या देशाचीच जमीन असते ना? दिल्लीत अमेरिकन वकिलातीत पाय ठेवला की आपण अमेरिकेत?

तिरकी_रेघ
नाही मावशी, हा सगळ्यांचा आवडता गैरसमज. जमीन यजमान देशाचीच. फक्त १९६१ च्या व्हिएन्ना कराराच्या २२ व्या कलमाप्रमाणे वकिलातीच्या प्रमुखाच्या परवानगीशिवाय यजमान देशाचे पोलीस आत जाऊ शकत नाहीत. २७ व्या कलमात राजनयिक थैलीचं, म्हणजे वकिलातीच्या अधिकृत टपालाचं आहे. ती उघडायची नाही, अडवायची नाही.

महूवाला
थैलीवरून आठवलं. १९८४, लंडन. नायजेरियाचे माजी मंत्री उमारू डिक्को यांना रस्त्यातून उचललं, बेशुद्ध केलं आणि लाकडी खोक्यात घालून मायदेशी पाठवायचा बेत केला. खोकं स्टॅनस्टेड विमानतळावर पोचलं. कस्टमवाल्याला संशय आला. त्यावर 'राजनयिक थैली' म्हणून लागतात ती मोहर-चिठ्ठी नियमाप्रमाणे नव्हती, म्हणून ते उघडता आलं. आत डिक्को जिवंत, शेजारी भुलीचा डॉक्टर. कागद नीट भरला असता तर कस्टमवाल्याचे हात बांधलेले होते. मुलीला सांगा, या धंद्यात कारकुनीला कमी लेखू नये.

काळा_कावळा
भुलीचा डॉक्टर खोक्यात सोबत, याला म्हणतात विद्यार्थ्याची काळजी घेणारी कन्सल्टन्सी.

अप्पा_रामबाग
इंदूरच्या मुलीला राजनय शिकायला लंडनला कशाला जायला हवं? किबे कंपाउंडवरून रोज जाता ना? त्या घराण्याचे तात्या जोग, होळकरांचे कारभारी. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला इंग्रजांपुढे फौज बुडाली. महाराज दुसरे मल्हारराव, वय अकराच्या आसपास. त्यांच्या नावाने कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंचा आदल्या दिवशी स्वतःच्याच फौजेने शिरच्छेद केलेला. तिजोरीत काही नाही. आणि समोर इंग्रजांचा सर जॉन माल्कम. अशा स्थितीत १८१८ च्या जानेवारीत तात्यांनी मंदसौरचा तह केला. राजपुतान्यावरचे हक्क गेले, सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख गेला, इंग्रजांचा रेसिडेंट (दरबारातला प्रतिनिधी) डोक्यावर बसला. पण राज्य राहिलं, आणि ते १९४८ पर्यंत राहिलं. हरल्यावर काय वाचवता येतं, ते ज्याला कळतं तो मुत्सद्दी.

जुनी_वही
अप्पा, तुमचा आदर ठेवून म्हणते, ही जरा गोड केलेली बाजू झाली. तहाने फौज मर्यादित झाली, परराष्ट्र व्यवहार पूर्ण इंग्रजांच्या हाती गेला. दुसऱ्या राज्याशी पत्र लिहायचं तरी रेसिडेंटमार्फत. ज्या राज्याला स्वतःचा वकील, म्हणजे राजदूत, कुठे पाठवता येत नाही ते 'राहिलं' म्हणायचं का? याच होळकरांचे, शिंद्यांचे, पेशव्यांचे वकील पूर्वी दरबारोदरबारी बसायचे. दिल्लीला हिंगणे, हैदराबादेत गोविंदराव काळे. तिथून निघणारी पत्रं वाचा. कोण कोणाला भेटलं, दरबारात कोण कुठे बसलं, नजराणा किती, बाजारात धान्याचा भाव काय. तिरकी_रेघ यांचं ते दोन पानी टिपण काही नवं नाही, आपल्याकडे त्याची बाडंच्या बाडं आहेत.

अप्पा_रामबाग
जुनी_वही, वकील गेले हे खरं. पण फौज बुडाल्यावर तुम्ही तात्यांच्या जागी असता तर कुठलं कलम वेगळं लिहून घेतलं असतं, ते सांगा. एक सांगा.

जुनी_वही
महूच्या छावणीचं. आपल्या उंबऱ्यात त्यांची कायमची फौज बसवून घेतली नसती.

अप्पा_रामबाग
आणि माल्कम 'बरं' म्हणाला असता?

भिया_इंदोरी
पॉपकॉर्न संपले, आता शेव काढतो.

संपादक
अप्पा, जुनी_वही, मंदसौर तहासाठी स्वतंत्र धागा काढावा ही विनंती. मूळ प्रश्न एका मुलीच्या प्रवेशाचा आहे आणि ३१ जानेवारी जवळ येते आहे.

थेम्सकाठची
मी तीन वर्षांपूर्वी इंग्लंडमध्ये एका वर्षाचा असाच कोर्स केला. विद्यापीठाचं नाव घेत नाही. आमच्या वर्गात निम्मे जण कुठल्या ना कुठल्या देशाच्या सरकारी नोकरीतून, पगारी रजेवर आलेले. त्यांना परत जाऊन बढती मिळणार होती. मी बावीस वर्षांची, कर्ज काढून गेलेली. ग्रंथालय अप्रतिम, व्याख्याते नावाजलेले. पण वर्ष म्हणजे प्रत्यक्षात नऊ महिने शिकवणं आणि मग प्रबंध. हिवाळ्यात ओळख होते तोवर उन्हाळ्यात सगळे पांगतात. ज्या सुरक्षा क्षेत्रातल्या नोकऱ्या माहितीपत्रकात रंगवल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी त्या देशाचं नागरिकत्व आणि सरकारी पडताळणी लागते. हे मला प्रबंध जमा केल्यावर कळलं. दोष कोणाला देऊ? मीच विचारलं नव्हतं.

पण सगळं वाईट नव्हतं. आम्हाला एकदा दोन दिवसांची लुटुपुटुची सुरक्षा परिषद भरवायला लावली. मला एक चिमुकला देश मिळाला होता. रात्री दोनपर्यंत आम्ही ठरावातल्या एका क्रियापदावर अडलो होतो. परिषद 'निर्णय घेते' की 'आवाहन करते'? पहिल्यात दात आहेत, दुसऱ्यात नाहीत. सरांनी तेव्हा १९६७ चा २४२ क्रमांकाचा ठराव काढला. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'प्रदेशांतून', आधी 'द' हे आर्टिकल नाही. म्हणजे सगळ्या की काही? फ्रेंच मसुदा वाचला तर 'त्या सगळ्या' असा अर्थ काढता येतो. एका अक्षराएवढ्या शब्दावर इतकी वर्षं वाद चालू आहे.

मावशी_बोलते
आपल्या मराठीत हे 'द' प्रकरणच नाही. आपण कशावर भांडलो असतो?

जुनी_वही
अनुस्वारावर.

काळा_कावळा
म्हणजे बघा, मुलीने आर्टिकलशिप सोडली ती आर्टिकलवर भांडायला. सीए घराण्याची परंपरा अबाधित आहे.

हिशेबनीस
इतका वेळ वाचतच होतो. काकू, तुमच्या मुलीची बी.कॉम. ही अडचण आहे असं सगळे गृहीत धरत आहेत. मी उलट म्हणेन.

मी मुंबईत एका बँकेत आंतरराष्ट्रीय आर्थिक निर्बंधांचं काम बघतो. २०२२ मध्ये रशियाच्या काही बँका स्विफ्टमधून (बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपांच्या जाळ्यातून) बाहेर काढल्या, तेव्हा आमच्याकडे तीन आठवडे कोणी वेळेवर घरी गेलं नाही. प्रत्येक व्यवहाराला विचारायचं: पैसे देणारा कोण, त्या कंपनीचा खरा मालक कोण, जहाज कोणाचं, विमा कोणाचा. आमच्याकडे येणारी माणसं दोन प्रकारची असतात. एकांना ताळेबंद वाचता येतो पण निर्बंध का लावले ते कळत नाही. दुसऱ्यांना शीतयुद्ध तोंडपाठ असतं पण लेटर ऑफ क्रेडिट (आयात-निर्यातीत बँक देते ती पैशांची हमी) दाखवलं की घाम फुटतो. दोन्ही येणारी व्यक्ती मिळता मिळत नाही.

काळा पैसा आणि दहशतवादाचा पैसा रोखणारी एफएटीएफ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८९ पासून आहे. पाकिस्तान जून २०१८ ते ऑक्टोबर २०२२ तिच्या करड्या यादीत, म्हणजे जादा देखरेखीखालच्या देशांत होता. बाहेर काढण्याआधी तपासलं काय गेलं? खाती, नोंदी, खटले, जप्त्या. तिच्या बाबांना सांगा, पाकिस्तानशी 'बोलणी' अशीही होतात, आणि त्यात ऑडिट कळणारी माणसं लागतात.

तिने एम.ए. जरूर करावं, पण प्रबंधाचा विषय निर्बंध, दहशतवादाचा अर्थपुरवठा, निर्यात नियंत्रण, असा काहीतरी घ्यावा. आणि चाळीस लाख घालू नयेत. निदान आत्ता.

तिरकी_रेघ
हिशेबनीस यांना शंभर टक्के. मलाही हे कोणी बावीसाव्या वर्षी सांगायला हवं होतं. थिंक टँकमध्ये (धोरणांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत) मी चार वर्षं काढली. काम सुंदर, पगार असा की महिनाअखेरीला आईचा फोन घ्यायची लाज वाटायची.

ताई, सीयूईटी-पीजीचे (एम.ए.च्या सामायिक प्रवेश परीक्षेचे) फॉर्म चालू आहेत, ते आधी भरा. त्यातून जेएनयूच्या आंतरराष्ट्रीय अध्ययन संस्थेत एम.ए.ला जाता येतं. ती संस्था १९५५ पासूनची, १९७० मध्ये जेएनयूत आली. फी नावापुरती. आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर जेएनयूचेच. मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर, नंतर तिथे राज्यशास्त्रात एम.ए. आणि आंतरराष्ट्रीय संबंधांत पीएच.डी. परदेशी जायचं तर नोकरीची दोन वर्षं झाल्यावर ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंगसारखी शिष्यवृत्ती बघावी. तिला २८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, त्यामुळे आत्ता ती पात्रच नाही. शिष्यवृत्ती संपल्यावर दोन वर्षं मायदेशी परतायची अटही आहे.

मावशी_बोलते
हे सगळं ठीक. पण या क्षेत्रात मुलींचं लग्नाचं कसं? सतत बदल्या, परदेश.

जुनी_वही
मावशी, हा प्रश्न सरकारनेही विचारून झाला आहे. सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत आल्या, त्या सेवेतल्या पहिल्या महिला अधिकारी. तेव्हा नियमच होता की बाई अधिकाऱ्याने लग्नाआधी सरकारची लेखी परवानगी घ्यायची, आणि लग्नामुळे कामात अडथळा येतो असं वाटलं तर राजीनामा मागता येईल. पुरुषांना असं काही नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९७९ मध्ये न्या. कृष्ण अय्यर यांनी सरकारला चांगलं सुनावलं. खटला चालू असतानाच सरकारने त्यांना बढती दिली आणि नियम बदलायची तयारी दाखवली.

मावशी_बोलते
बाई गं. मी प्रश्न मागे घेते.

सुदामानगरची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा आले, कारण घरात बरंच झालं.

मी हिशेबनीस यांचा प्रतिसाद छापून ह्यांच्या पेपराखाली ठेवला. वाचून काही बोलले नाहीत. रात्री तिच्या खोलीच्या दारात उभे राहून विचारलं, "ते लेटर ऑफ क्रेडिट तुला नीट येतं का?" ती म्हणाली, "नाही." मग साडेबारापर्यंत दोघं जेवणाच्या टेबलावर कागद पसरून बसले होते. मी झोपून टाकलं.

डिपॉझिट भरत नाही आहोत. कन्सल्टन्सीवाल्याला लेकीनेच फोन केला आणि विचारलं की मागच्या तीन वर्षांत तुमच्याकडून गेलेल्या किती जणांना कुठल्या एम्बसीत नोकरी लागली, नावं नकोत, फक्त आकडा सांगा. तो म्हणाला सर मीटिंगमध्ये आहेत. सीयूईटीचा फॉर्म भरला, पुण्याची माहितीही काढली. जेएनयूचं नाव काढलं की हे अजून नाक मुरडतात, तो तह बाकी आहे.

एकच अडचण आहे. तिने राज्यशास्त्र अकरावी-बारावीतही घेतलेलं नव्हतं. जुनी पुस्तकं कोणाकडे मिळतील का? शक्यतो इंदुरातच.

पलासियाचा_पक्या
माझ्याकडे दोन खोकी आहेत, तयारीच्या काळातली. खुणा पेन्सिलच्याच आहेत. पलासियाहून घेऊन जा.

महूवाला
माझ्याकडे नकाशांचा मोठा ॲटलस आहे, तो देईन. रविवारी अकराच्या आत यावं, नंतर मी झोपतो. फाटकावरचा कुत्रा भुंकतो, चावत नाही.

काळा_कावळा
हे लेखी देता का?